विश्लेषण : एकच अक्षर २० वेळा, पण प्रत्येक वेळी वेगळे… सुलेखनकार वांग शीझी कोण होता? फॉण्टला त्याची सर का येत नाही?

मोबाइलवर लग्नपत्रिका करताना हस्ताक्षरासारखा दिसणारा इंग्रजी फॉण्ट निवडला की एक गोष्ट खटकते. नावात एकच अक्षर दोनदा आले, तर दोन्ही अक्षरे तंतोतंत सारखी उमटतात. माणसाच्या हातून असे कधी होत नाही. या एका अडचणीवर युरोपातल्या अक्षररचनाकारांनी सुमारे ५०० वर्षे डोके खपवले. त्याच्याही कितीतरी आधी, इ.स. ३५३ मध्ये, चीनमधल्या एका जिल्हाधिकाऱ्याने एका सहलीत ३२४ अक्षरांचा मजकूर लिहिला आणि त्यात एक अक्षर वीसएक वेळा, दर वेळी निराळ्या तऱ्हेने काढले. हा अधिकारी म्हणजे वांग शीझी. चिनी परंपरा त्याला सुलेखनातला ऋषी मानते. गंमत अशी, की त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच अक्षरांचा एक प्रकारे फॉण्ट तयार झाला.

कोण होता वांग शीझी?

त्याचा जन्म इ.स. ३०३ च्या सुमाराचा, आजच्या शानडोंग प्रांतातला. घराणे बडे, पण काळ वाईट. उत्तर चीनवर टोळ्यांचे हल्ले सुरू झाले, राजधानी पडली आणि उमराव घराणी जीव मुठीत धरून यांगत्से नदीच्या दक्षिणेला आली. वांग घराणेही त्यांत होते. ३१७ मध्ये दक्षिणेत, आजच्या नानजिंगला, पूर्व जिन राजवट उभी राहिली. ती उभी करणारा मुख्य मुत्सद्दी वांग दाओ हा शीझीचा चुलता. वडिलांचे छत्र मात्र शीझीच्या लहानपणीच हरपले. वाडवडिलांच्या कबरी उत्तरेत, शत्रूच्या मुलखात राहिल्या. हे पुढे महत्त्वाचे ठरते.

लहानपणी तो बोलायला कच्चा होता, असे राजवटीच्या अधिकृत इतिहासात नोंदले आहे. अक्षर त्याने वेई शुओ या बाईंकडून गिरवले, असे परंपरा सांगते. लग्नाची गोष्ट तर चीनमध्ये शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. शी जियान नावाच्या बड्या सेनानीने जावई शोधण्यासाठी वांग घराण्यात माणूस पाठवला. सगळी तरुण मंडळी आवरूनसावरून बसली. एकच पठ्ठ्या पूर्वेकडच्या पलंगावर पोट उघडे टाकून खात पडला होता. सासऱ्याने तोच निवडला. चिनी भाषेत आजही जावयाला पूर्वेचा पलंग म्हणतात.

नोकरीत तो क्वाइजीचा, म्हणजे आजच्या शाओशिंग भागाचा, प्रशासक झाला. सेनापतीचा किताबही त्याला मिळाला. दुष्काळ पडला तेव्हा त्याने सरकारी कोठारे उघडली. उत्तरेवर चढाई करण्याचा दरबाराचा बेत त्याला पटला नव्हता. रयतेला हा खर्च झेपणार नाही, अशी पत्रे त्याने वरिष्ठांना लिहिली. मोहीम फसलीच. सुलेखनकार म्हटल्यावर फुलापानांत रमलेला कोणी डोळ्यासमोर येतो. हा माणूस तसा नव्हता.

कुंचला आणि टाक यांत नेमका फरक काय?

बोरू किंवा टाक धरलेल्यांना हा फरक चटकन कळेल. बोरूची जीभ तिरकी छाटलेली असते. एकदा कोन पक्का धरला, की रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक, हे जवळपास जिभेवरच ठरते. युरोपातल्या रुंद टोकाच्या लेखणीचे गणितही हेच. पुढे १८व्या शतकात तिथे टोकदार लेखणीचे वळण रूढ झाले. तिच्यावर दाब दिला की टोक फाकते आणि रेघ फुगते. लग्नपत्रिकांवरचे वळणदार इंग्रजी अक्षर त्याच घराण्यातले.

चिनी कुंचला ही निराळीच चीज आहे. केसांचा मऊ शंकू, वर टोक. तो कागदावर आडवा-उभा तर फिरतोच, शिवाय खाली दबतो आणि वर उचलला जातो. टोक रेघेच्या मधोमध दडवायचे की कडेला उघडे ठेवायचे, वळणावर थांबायचे की झटका देऊन निघायचे, शाई किती, वेग किती, हे सगळे रेघेत उतरते. गिरवलेली रेघ दुसऱ्यांदा फिरवून सुधारता येत नाही. त्यामुळे जाणकार अशी रेघ बघत नाहीत, तर हात कसा गेला असेल ते तिच्यातून वाचतात.

दुसरा फरक मांडणीचा. रोमन अक्षरे एका ओळीवर, एकमेकांचा हात धरून डावीकडून उजवीकडे जातात. चिनी अक्षर म्हणजे एक अख्खा शब्द किंवा शब्दाचा तुकडा. ते आपापल्या काल्पनिक चौकोनात बसते आणि जुना मजकूर वरून खाली उतरतो. वांगची खासियत असलेल्या धावत्या वळणात एका अक्षरातले फटके एकमेकांत मिसळतात, पण शेजारच्या अक्षराला ते क्वचितच जोडले जातात. हात न उचलता लिहिण्याची ओढ आपल्या मोडीतही आहेच. मात्र मोडी डोक्यावरच्या रेघेला लटकत धावते. चिनी अक्षराला असा कुठलाच आधार नसतो, त्याचा तोल त्यानेच सांभाळायचा.

लानतिंगला काय घडले?

३५३ साली चिनी पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी वांगने शाओशिंगजवळच्या लानतिंग या ठिकाणी चाळीसएक मित्र-नातलगांना बोलावले. वळणावळणाच्या ओढ्याकाठी मंडळी बसली. पाण्यावर मद्याचे पेले सोडले. पेला ज्याच्यासमोर थांबेल त्याने कविता करायची, न जमल्यास दंड म्हणून तीन पेले रिचवायचे. २६ जणांच्या मिळून ३७ कविता झाल्या. बाकीच्यांनी दंड भरला.

या कवितांच्या संग्रहाला वांगने तिथेच प्रस्तावना लिहिली. २८ ओळी, ३२४ अक्षरे. सुरुवात वसंतातल्या स्वच्छ हवेच्या वर्णनाने होते, मग मजकूर हळूहळू आयुष्याच्या क्षणभंगुरतेकडे वळतो. हे होते कच्चे टिपण. त्यात खाडाखोड आहे, ओळीच्या बाजूला मागाहून घुसडलेली अक्षरे आहेत, गिरवून बदललेले शब्द आहेत. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा पुन्हा लिहून पाहिले, पण आदल्या दिवसाचे साधले नाही, असे सांगतात. ही आख्यायिका असेल. पण चीनमध्ये सर्वश्रेष्ठ हस्ताक्षर म्हणून जे मिरवले जाते ते खाडाखोड असलेले कच्चे टिपण आहे, ही गोष्ट खरी.

याच मजकुरात ते वीसएक वेळा आलेले अक्षर आहे. उच्चार झी, अर्थ साधारण आपल्या चा-ची-चे सारखा, फटके मोजून तीन-चार. कुठे ते बसके, कुठे लांबट, कुठे शेवटचा फटका वाऱ्यावर सोडलेला. शेजारी कोणते अक्षर आहे, ओळीत जागा किती उरली आहे, आधीच्या अक्षराचा वेग काय होता, यावर प्रत्येकाचे रूप ठरले. वांगच्या स्वतःच्या नावातले शेवटचे अक्षरही हेच. आपलेच नाव लिहिताना सवयीने हात एका साच्यात पडावा, तिथे त्याने साचा होऊ दिला नाही.

शोकाचे पत्र

वांगने लिहिलेले जे काही आज माहीत आहे, त्यात मोठा भाग साध्या चिठ्ठ्यांचा. कोणाची प्रकृती विचारली, कोणाला फळे पाठवली, बर्फ पडून आकाश निवळले म्हणून कोणाला कळवले. त्यातच एक आठ ओळींचे पत्र आहे. त्याची जुनी प्रत जपानच्या राजघराण्याच्या संग्रहात राहिली. उत्तरेतल्या वाडवडिलांच्या कबरी पुन्हा एकदा उद्ध्वस्त झाल्याची बातमी आल्यावर ते लिहिलेले आहे. कबरींची डागडुजी तातडीने झाली, पण आपल्याला तिथे धावून जाता येत नाही, ही त्यातली तगमग.

चिनी न येणाऱ्यालाही या पत्रात काहीतरी घडताना दिसते. पहिल्या ओळींतली अक्षरे सुटी, सावरलेली आहेत. पुढे हात वेग घेतो, फटके एकमेकांत शिरतात, अक्षरे मोडू लागतात. शब्दांनी जे सांगितले तेच हाताने दुसऱ्यांदा सांगितले. कोणत्याही फॉण्टला हे जमत नाही आणि तो फॉण्ट काढणाऱ्याचा दोषही नाही. फॉण्टमधले अक्षर आधी तयार होते, मजकूर नंतर येतो. त्या अक्षराला बारशाचे आमंत्रणही लिहायचे असते आणि दशक्रियेची बातमीही.

३५५ मध्ये वांगने नोकरी सोडली. ज्याला तो कमी लेखत होता, तो वांग शू त्याच्या डोक्यावर वरिष्ठ म्हणून बसला आणि कारभारात खुसपटे काढू लागला. वांग आई-वडिलांच्या कबरीपुढे गेला आणि पुन्हा सरकारी पद घेणार नाही अशी शपथ त्याने घेतली. त्यानंतर डोंगरांत भटकणे, औषधी वनस्पती गोळा करणे आणि सात मुलगे, एक मुलगी, नातवंडे यांचा संसार. धाकटा मुलगा शियानझी हाही बापाच्या तोडीचा सुलेखनकार निघाला. ३६१ मध्ये वांग गेला.

त्याच्या गोष्टींपैकी पंख्यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. एक म्हातारी बांबूचे पंखे विकत होती. वांगने तिच्या प्रत्येक पंख्यावर पाच-पाच अक्षरे लिहून टाकली. माल खराब झाला म्हणून ती चिडली. माझे नाव सांग आणि नगाला शंभर नाणी माग, असे त्याने सुचवले. पंखे हातोहात खपले. दुसऱ्या दिवशी म्हातारी पंख्यांचा ढीग घेऊन हजर. वांग नुसता हसला, लिहिले काही नाही.

त्याच्या अक्षरांचा फॉण्ट कसा झाला?

म्हातारीला जे नाकारले ते राजांनी मिळवलेच. सहाव्या शतकात लियांग राजवटीचा सम्राट वू याने राजपुत्रांच्या शिक्षणासाठी वांगच्या हस्तलिखितांतून एकही पुन्हा न येणारी १००० अक्षरे निवडून घेतली, असे म्हणतात. ही सुटी अक्षरे झोऊ शिंगसी या विद्वानाने चार-चार अक्षरांच्या २५० ओळींत गुंफली. एका रात्रीत हे काम करताना त्याचे केस पांढरे झाले, ही पुढची भर. ती सहस्राक्षरी चीनमधली मुले पुढे शतकानुशतके गिरवत राहिली.

त्याहून धाडसी काम थांग राजवटीत झाले आणि त्याचा धागा भारतापर्यंत येतो. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन इथल्या मानी माणसांचे वर्णन करणारा ह्युएनत्संग ६४५ मध्ये ग्रंथांचा भार घेऊन चीनला परतला. त्याने केलेल्या भाषांतरांना सम्राट ताइझोंगने प्रस्तावना लिहिली. ती दगडावर कोरायची ठरली, पण अक्षर कोणाचे? ताइझोंग वांगचा निस्सीम भक्त. अधिकृत इतिहासातल्या वांगच्या चरित्राला समारोपाचा मजकूरही त्याने स्वतः लिहिला होता. वांगला जाऊन तर तीनशे वर्षे झालेली. तेव्हा हुआइरेन नावाच्या भिक्षूने वांगच्या उपलब्ध पत्रांतून, टिपणांतून एकेक अक्षर वेचायला सुरुवात केली. जे सापडले नाही ते दोन वेगळ्या अक्षरांचे अवयव जोडून बनवले. दोन दशकांहून अधिक काळ हे चालले. ६७२ मध्ये शिला उभी राहिली. तीवर १९०० च्या आसपास अक्षरे आहेत, त्यात ह्युएनत्संगने संस्कृतमधून आणलेले हृदयसूत्रही आहे. शिआनच्या शिलालेख संग्रहालयात ती आजही पाहता येते.

म्हणजे मृत माणसाच्या हस्ताक्षरात, त्याने कधीही न लिहिलेला मजकूर. संगणकावर फॉण्ट वापरताना आपण दुसरे काय करतो? प्रत्येक अक्षर सुंदर, पण एक शोकपत्रातले, एक फळांच्या चिठ्ठीतले, आणि सगळी एका राजेशाही प्रस्तावनेत शिस्तीत उभी. हुआइरेनची नजर इतकी पक्की, की ओळी बऱ्याच अंशी जिवंत वाटतात. पण पुढे दरबारी लेखनिकांनी या शिलेचे ठसे गिरवून जे वळण कमावले, त्याला सोंग राजवटीतल्या रसिकांनी नाके मुरडली. गुळगुळीत, बिनचूक आणि निर्जीव, असा त्यांचा आक्षेप होता.

युरोपात उलटा प्रवास कसा झाला?

चीनमध्ये हस्ताक्षराचा साचा बनला, तर युरोपात साच्यापासून सुरुवात होऊन हस्ताक्षराकडे धडपड झाली. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसने फ्रान्चेस्को ग्रिफोकडून तिरक्या अक्षरांचे खिळे पाडून घेतले. ते इटलीतल्या विद्वानांच्या धावत्या अक्षरावर बेतलेले होते. आज आपण ज्याला इटॅलिक म्हणतो ते हेच. १५५७ मध्ये लिऑन शहरात रॉबर्ट ग्रांजाँने फ्रेंच कचेऱ्यांतले वळण खिळ्यांत आणले. मुलांना शिष्टाचार शिकवणारे पुस्तक त्यात छापले गेले, म्हणून त्या वळणाचे नावच सिव्हिलिते, म्हणजे सभ्यता, असे पडले.

अडचण खिळ्याच्या आकारातच होती. खिळा चौकोनी, अक्षर तिरके. अक्षराची शेपटी चौकोनाबाहेर काढली तर छापताना तुटते, आत कोंबली तर शेजाऱ्याला जोडली जात नाही. १९व्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या फिर्मां दिदोने खिळेच तिरके ओतून यावर तोड काढली. १९५३ मध्ये रॉजे एक्सकॉफॉनने स्वतःच्या हस्ताक्षरावरून मिस्ट्राल काढला. त्यात प्रत्येक अक्षराची शेपटी अशी बेतली, की पुढे कोणतेही अक्षर आले तरी सांधा जुळावा. हुशारीचे काम, पण किंमत मोजून. कोणाशीही जुळायचे तर प्रत्येक सांधा एकाच उंचीवर हवा. खरा हात असा हिशोब ठेवत नाही.

वांगच्या सर्वांत जवळ पोहोचले ते जर्मनीचे हेर्मान झाफ. पॅलाटिनो आणि ऑप्टिमा हे फॉण्ट त्यांचेच. सुलेखन ते पुस्तकांवरून स्वतःच शिकले. १९४४ मध्ये, महायुद्धात सैनिक असताना त्यांनी वहीत एक वळणदार वर्णमाला काढली होती. ती खिळ्यांत बसणे शक्य नव्हते. १९९८ मध्ये ती झाफिनो या नावाने संगणकावर आली. त्यात एकेका अक्षराची अनेक रूपे होती. पुढच्या आवृत्तींत फॉण्टमध्येच नियम बसवले गेले. शेजारचे अक्षर पाहून यंत्र योग्य रूप निवडते आणि ठरावीक अक्षरजोड्या आल्या की त्यांच्या जागी एकसंध आकृती ठेवते. झाफिनो हा शब्द त्याच फॉण्टमध्ये टाइप केला, तर सगळी अक्षरे मिळून एकच सलग आकृती उमटते.

म्हणजे शेजारी बघून अक्षर बदलण्याचे वांगचे तत्त्व यंत्राला शिकवता आले. तरी रूपे मोजकी आणि आधीच ठरलेली. त्यातही रोमन लिपीला हे परवडते, कारण मूळ अक्षरे २६, लहान-मोठी मिळून ५२. चीनच्या १९८० च्या संगणक-मानकात ६७६३ चिनी अक्षरे होती. प्रत्येकाची पाच रूपे काढायची म्हटली तरी आकडा ३३ हजारांवर जातो. मोडीचे खिळेही १९व्या शतकात पाडले गेले, त्यात विल्यम केरीचा मराठी शब्दकोश छापला गेला. पण छपाईत टिकली ती सुटी, बाळबोध देवनागरीच.

मग मूळ प्रत कुठे आहे?

नाही. वांगच्या स्वतःच्या हातचा एकही कागद आज उरलेला नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लानतिंगचे टिपण त्याच्या वंशातल्या एका भिक्षूकडे होते आणि ताइझोंगच्या माणसाने ते एका मठातून गोड बोलून लांबवले, असे सांगतात. सम्राटाने त्याच्या नकला करवून घेतल्या. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातली फेंग चेंगसूच्या नावाने ओळखली जाणारी नक्कल सर्वांत प्रसिद्ध आहे. मूळ कागदावर पातळ कागद ठेवून आधी प्रत्येक फटक्याची बाह्यरेषा केसासारख्या बारीक रेघेने काढायची, मग आत शाई भरायची, ही त्या नकलांची पद्धत. फटकलेल्या कुंचल्याच्या सुट्या केसांच्या रेषाही तिच्यात जपल्या आहेत. आजचा डिजिटल फॉण्टही असाच बनतो. बाह्यरेषा साठवायची आणि आतली जागा भरायची. क्षणार्धात गेलेला फटका नक्कल करणाऱ्याने मुंगीच्या पावलाने पुन्हा काढला आणि म्हणूनच लानतिंगची ती दुपार आपल्यापर्यंत आली.

मूळ टिपण ६४९ मध्ये ताइझोंगसोबत त्याच्या कबरीत ठेवले गेले, अशी परंपरा आहे. दहाव्या शतकात वेन ताओ नावाच्या सरदाराने थांग सम्राटांच्या कबरी फोडल्या. ताइझोंगच्या कबरीतून वांगच्या हातचे कागद निघाल्याचे जुन्या इतिहासात नोंदले आहे. लानतिंगचा कागद मात्र त्यानंतर कोणाच्याही दृष्टीस पडलेला नाही.